समुद्रात राहावे, पण घरी कळवावे

कळमनुरीतलं बिऱ्हाड हलवून शिडाच्या होडीवर कायमचं राहायला जायचं ज्यांनी मनावर घेतलं आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. अशांची संख्या तूर्त कमी आहे, हे मान्य. पण १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हा तरी कुणाला वाटलं होतं की कृष्णविवरांच्या टकरीचे हादरे टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, मंजूर होईल? तेव्हा तयारीत असलेलं बरं.

आधी भूगोल. कळमनुरीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या वर भरतो. कुणी म्हणेल, आपली कयाधू आहे की! आहे. पण कयाधू जाते पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून होते प्राणहिता, ती गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे कयाधूत होडी सोडलीत (पावसाळ्यात, एरवी ढकलत न्यावी लागेल) तर मुंबईच्या नेमक्या उलट्या अंगाला निघाल. सरावाला इसापूरचं धरण आहे. तिथं शीड उभारलं की काठावर माणसं जमतील आणि पहिला प्रश्न येईल, ‘मासे कसे किलो?’ याला उत्तर देऊ नये.

समुद्रापासून लांब राहणाऱ्याला समुद्राची उठाठेव कशाला, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. त्यांना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींचं नाव सांगावं. हा माणूस निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत जाऊन राहिला. तिथूनही समुद्र दिसत नाही. एका भारतीयानं एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास मात्र त्यांचाच. तो पुरा केला कमांडर दिलीप दोंदे यांनी. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परत. होडीचं नाव ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, लांबी ५६ फूट. म्हणजे आपल्याकडच्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटपेक्षा लांब. रुंदीला मात्र मार खाते. पुढं त्याच होडीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता जगाला वळसा घालून आले.

लग्नाच्या बायोडाटात ‘स्वतःचं घर’ या रकान्यात ‘आहे’ एवढंच लिहावं. तरंगतं आहे, हे बैठकीत तोंडी सांगता येतं.

आता मूळ विषय. शीड कसं चढवायचं, वादळात ते कसं आखडायचं, डोलकाठी मोडली तर काय, याची पुस्तकं भरपूर आहेत. घरी फोन कसा करायचा, याचं एकही नाही. आणि खरी दमछाक तिथंच होते.

मोबाईलची रेंज किनारा सोडला की काही मैलांत संपते. होडीवर व्हीएचएफ रेडिओ असतो, पण त्याचा पल्ला साधारण वीस-पंचवीस सागरी मैलांचा. त्यातला चॅनेल १६ संकटाचा आणि हाक मारण्याचा. त्यावर ‘माय, गोळी घेतलीस का?’ विचारू नये; आसपासची सगळी जहाजं ऐकत असतात आणि तटरक्षक दलही. लघुलहरींचा रेडिओ फार लांब पोचतो, पण दुसऱ्या टोकाला तसाच रेडिओ आणि परवानाधारक माणूस लागतो. राहिला सॅटेलाईट फोन. तो परदेशात सहज विकत मिळतो म्हणून पिशवीत घालून घरी आणू नका. भारतात परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं गुन्हा आहे. हौसेनं गावात दाखवायला काढलात, तर पहिला संपर्क पोलीस ठाण्याशी होईल.

परवानगी मिळाली, फोन लागला, तरी अडचण संपत नाही. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. या अर्ध्या सेकंदात कळमनुरीची माय दोनदा ‘हॅलो’ म्हणते. तिसरं ‘हॅलो’ तुमच्या उत्तरावर आदळतं. मग संभाषण असं होतं:

‘हॅलो, हॅलो! आवाज यायलाय का?’

‘यायलाय, माय. बोल.’

‘हॅलो! जेवलास का?’

‘जेवलो.’

‘काय जेवलास?’

इथं सावध राहावं. होडीवर बऱ्याचदा वाळवलेलं, पाणी घालून फुगवायचं अन्न असतं. ते समजावत बसलात तर मिनिटागणिक पैसे जातात आणि शेवटी ‘म्हंजे उपाशीच हायस की’ एवढाच निष्कर्ष निघतो. ‘खिचडी’ म्हणावं. ते शंभर टक्के खोटंही नसतं.

‘पाणी पुरायलंय का?’

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. भर समुद्रात गोडं पाणी मोजूनच वापरायचं असतं. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बिघडलं की तांब्यागणिक हिशेब. मराठवाड्यातला माणूस या एका विषयात पहिल्या दिवसापासून तयार असतो. कोकणातल्या खलाशाला जे शिकावं लागतं, ते आपण एप्रिल-मे मध्ये टँकरच्या रांगेत शिकून बसलेलो आहोत.

फोनची वेळ कोणती ठेवावी? घड्याळ घरचं धरा, होडीचं नको. फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्लीत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा कळमनुरीत सकाळचे आठ. उलट न्यूझीलंडच्या लिटल्टनला, तिकडच्या उन्हाळ्यात, पहाटेचे साडेपाच होतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा. हा हिशेब मायला शिकवायला जाऊ नये. तिनं शेजारणीला ‘आमच्या पोराकडं अजून कालचाच दिवस हाय’ असं एकदा सांगितलं की गावात वेगळीच चर्चा सुरू होते. पॅसिफिकमध्ये पूर्वेकडं जाताना तर वाररेषा ओलांडली की तीच तारीख दुसऱ्यांदा येते. त्या दिवशी संकष्टी असली तर उपवास एकदाच करावा. तिथी चंद्रावर चालते, तारखेवर नव्हे.

संपर्क ठेवावा कसा आणि ठेवू नये कसा, याचे तीन नमुने एकाच शर्यतीत सापडतात: १९६८ ची गोल्डन ग्लोब, एकट्यानं, न थांबता जगप्रदक्षिणा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही सागाची होडी मुंबईत बांधलेली. वाटेत त्यांचा रेडिओ बिघडला आणि कित्येक महिने घरी पत्ता नाही. गेला म्हणून लोकांनी आशा सोडत आणली, आणि हे २२ एप्रिल १९६९ ला फाल्मथ बंदरात हजर! दुसरे बर्नार्ड मोइतेसिए. यांना रेडिओ नकोच होता. जवळून जाणाऱ्या जहाजावर हे चक्क गलोलीनं निरोप मारायचे. गलोल आपल्याकडं प्रत्येक पोराच्या खिशात असायची, त्यामुळं ही पद्धत लगेच पटेल. पण त्यांचा शेवटचा मोठा निरोप असा होता की शर्यत सोडली, युरोपात परतत नाही, पुढंच जातो. बायको तिकडं वाट पाहत होती. असला निरोप गलोलीनं पाठवू नये. खरं तर कशानंच पाठवू नये.

तिसरे डोनाल्ड क्रोहर्स्ट. होडी अटलांटिकमध्येच रेंगाळत होती आणि हे रेडिओवरून कळवत राहिले की फार पुढं पोचलोय. एक खोटं ठिकाण झाकायला दुसरं. जुलै १९६९ मध्ये होडी सापडली, रिकामी. घरी बायको आणि चार लेकरं. यावर विनोद होत नाही. पण अंघोळीला बसायच्या आधी ‘निघालोच, वारंगा फाट्यावर आलोय’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना एवढं सांगणं भाग आहे की समुद्रात ठिकाण खरंच सांगायचं. शोधायला येणारं जहाज तुम्ही सांगितलेल्या जागी येतं.

शोधण्यावरून आठवलं. होडीवर संकटकाळी उपग्रहाकडं संदेश धाडणारा ४०६ मेगाहर्ट्झचा एक ठोकळा असतो. तो नोंदवताना अर्जात घरच्या माणसाचा नंबर द्यावा लागतो. मायचा देऊ नका, ती अनोळखी नंबर उचलत नाही. मोठ्या भावाचा देऊ नका, तो सायलेंटवर असतो. मामाचा द्या, मामा कर्जवाल्या कंपन्यांचेही फोन उचलून पंधरा मिनिटं बोलतो. मात्र त्याला आधी बजावून ठेवा, की बचाव केंद्रातून फोन आला तर आपण विचारायचं नाही, सांगायचं: होडीचा रंग, माणसं किती, शेवटचं बोलणं कधी झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमींची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठता येईना. तेव्हा त्यांनी धाडलेला मजकूर तारेसारखा होता, मोजून काही शब्द. तेवढ्यावर ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचलं. आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसत्या ‘सुप्रभात’लाच त्याहून जास्त जागा लागते.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. एक वही करा. तारीख, वेळ, पोरानं सांगितलेले अक्षांश-रेखांश त्यात लिहा, समजले नाहीत तरी लिहा. आणि फोन चुकला तर पहिले चोवीस तास नवस बोलू नका. बॅटरी उतरते, वादळात दोन्ही हात सुकाणूला लागतात, कधी माणूस नुसता झोपलेला असतो.

ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी होडीऐवजी पुण्याला फ्लॅट घ्यावा. तिथं रेंज चारही काड्या असते, उपग्रह लागत नाही, घड्याळातही फरक नाही. घरी फोन मात्र दक्षिण महासागरातल्या माणसापेक्षा कमी येतो, असं कळमनुरीतल्या बऱ्याच आयांचं म्हणणं आहे.

परतीचं थोडक्यात. मुंबईला होडी लावलीत की हिंगोलीपर्यंत जनशताब्दी आहे. कळमनुरीला रेल्वे नाही. शेवटच्या वीसेक किलोमीटरला एसटीच. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या केप हॉर्नबद्दल कुणी विचारणार नाही, ‘किती वाळलास!’ एवढंच म्हणतील. गाडी किती वाजता पोचेल ते आधी कळवा, आणि या वेळी तरी खरी वेळ सांगा.