हेड गॅस्केट पुनःपुन्हा उडू नये म्हणून पाळावयाची कलमे

तुमसर तालुक्याच्या ज्या टोकाला महाराष्ट्र संपून बालाघाट जिल्हा सुरू होतो, त्या बपेऱ्यात आमचे मामेभाऊ टर्बोचे एक डिझेल वाहन बाळगून आहेत. आणि त्याचे हेड गॅस्केट उडणे, बदलणे व पुनश्च उडणे हा क्रम त्यांच्या घरी सणवारांइतका नियमित झाल्यामुळे, त्यांच्या व तत्सम गृहस्थांच्या हितार्थ पुढील कलमे जारी करण्यात येत आहेत.

कलम १. गॅस्केटला आरोपी समजू नये. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये दबून राहून सिलिंडरातला दाब, पाणी आणि तेल यांना परस्परांच्या हद्दीत शिरू न देणारे हे गरीब पत्र्याचे पान बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कसुरीपायी जळते. सबब नवे बसविण्यापूर्वी जुन्याचा रीतसर पंचनामा करावा, आणि ते दोन सिलिंडरांमध्ये जळले की पाण्याच्या वाटेशी, याची नोंद घ्यावी. आमचे बंधू जुने गॅस्केट आधी भंगारात घालतात आणि कारणाची चौकशी मागाहून करतात.

कलम २. ‘डोळ्याला सपाट दिसते’ हा दाखला ग्राह्य धरू नये. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्यामुळे एकदा उकळलेले हेड वाकडे होण्याचा संभव फार, आणि पुष्कळ इंजिनांत चालणारा वाकडेपणा ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच असतो. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहावे, तडा गेला आहे का हे दाबाने तपासावे, मगच फेसिंग करावे.

कलम ३. हेडचे बोल्ट ताणले जाऊन धरतात. कारखान्याने ते एकदाच वापरण्याचे सांगितले असल्यास जुने पुन्हा लावणे म्हणजे दिवाळखोराला जामीन घेणे होय. बोल्टांच्या भोकांतील तेल-पाणी पुसून काढावे, नाहीतर पाना खोटी साक्ष देतो. आवळणे मधून कडेला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. मनगटाच्या अंदाजाने नव्हे.

कलम ४. थर्मोस्टॅट काढून फेकू नये. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक असतो’ ही सबब नामंजूर.

कलम ५. बोअरचे जड पाणी रेडिएटरात ओतल्यास आत क्षार साचतात. म्हणून कूलंट आणि क्षारविरहित पाणी कारखान्याने सांगितलेल्या प्रमाणात घालावे, आतली हवा काढावी, आणि झाकणाचे रबर तपासावे, कारण बंद झाकणाखालच्या दाबामुळे ते मिश्रण शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. आमचा हा मुलूख धानाचा. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत कोंडा व धूळ अडकते, ती पाण्याची बारीक धार मागून पुढे सोडून धुवावी.

कलम ६. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये टर्बोच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले, ते वाया जाणाऱ्या धुरातून काम करून घेण्यासाठी. बालाघाटच्या गाड्यांना मागे टाकण्यासाठी नव्हे. हवा वाढवली, डिझेल वाढवले, की सिलिंडरातला दाब वाढतो आणि हेड वर उचलू पाहतो. ‘पिकअप’ वाढवून देणाऱ्या भाच्याला बंधू अद्याप तंत्रज्ञ मानतात. आरोपी सापडला, परंतु तो घरचाच असल्यामुळे फिर्याद दाखल होत नाही!

कलम ७. काटा लालकडे सरकताच गाडी थांबवावी. गरम झाकण उघडू नये, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. ‘काही नाही होत जी, पाणी टाका अन् चला’ असे म्हणणारा मनुष्य आसपास असल्यास त्याला प्रथम दूर करावे. बंधूंच्या बाबतीत हे अशक्य, कारण तो मनुष्य तेच आहेत.

खरे सांगायचे तर हा सारा वैताग गाडीसाठी नाहीच. अपरात्री कोणाचे दुखणे निघाले की गावातून तुमसरच्या दवाखान्याकडे निघणारी पहिली गाडी हीच, आणि भाडे विचारले तर बंधू रागावतात. अशा माणसाची गाडी मध्यरात्री रस्त्यात पांढरा धूर सोडू नये, एवढ्यासाठी तरी, दादा, त्या भाच्याच्या हातून पाना काढून घ्या.