दुसऱ्याचे ओरखडे

नवी कोरी रोडबाईक घेऊन पहाटे मरीन ड्राइव्हवर उतरलेला पन्नाशीचा माणूस लांबूनच ओळखू येतो. मला तसं दिसायचं नव्हतं. म्हणून सेकंडहँड. घरी कारण काटकसरीचं सांगितलं आणि लालबागच्या आमच्या चाळीत मजलाभर ते पटलंही. खरं म्हणजे मला सायकलपेक्षा तिच्यावरचे ओरखडे विकत हवे होते. नळीवर चार ठिकाणी खरचटलेलं असलं की बघणाऱ्याला वाटतं, गडी बोरघाटात पडून उठलेला आहे. मुंबई-पुणे शर्यतीत घाटात सगळ्यांच्या पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. मला चिंचपोकळीचा पूल चालत चढतानासुद्धा धाप लागते.

मग अभ्यास सुरू केला. काहीही न करण्याचा हा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार. गियरसंचांत क्लॅरिस म्हणजे मागे ८ गियर, सोरा ९, टियाग्रा १०. फ्रेम ५४ की ५६ सेंटिमीटर, हे ठरवायला भिंतीला पाठ लावून, मांड्यांत जाड पुस्तक धरून माप घ्यायचं असतं. ते घेताना शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या. तो विषय इथेच थांबवतो.

परळच्या आमच्या सायकलवाल्याला मोबाईलवर फोटो दाखवला. “स्टँड?” नाही. “मडगार्ड?” नाही. “कॅरियर, घंटी?” नाही. “मग पैसे कशाचे घेतात?” शिवाय ट्यूबला तो लांबोडका प्रेस्टा व्हॉल्व्ह. “याला माझा पंप नाय लागायचा, साहेब. वेगळा घ्या.”

या सगळ्या खलात मला सारखे ते सहा पारशी आठवत. १५ ऑक्टोबर १९२३ला मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. एक तेहरानहून मागे फिरला, एकाला अमेरिका इतकी मानवली की तो तिथंच राहिला, आणखी एक मध्येच गळला. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं १८ मार्च १९२८ला परत आले, सुमारे ७१ हजार किलोमीटर करून. मला रात्री पडल्या पडल्या प्रश्न पडतो, निघण्याआधी यांच्यात वाद झाले असतील का? ‘जाल, ५६ तुला मोठी होईल, ५४च घे’ असं कुणी बजावलं असेल? इराकच्या वाळवंटात चाक रुतल्यावर रुस्तमला हळहळ वाटली असेल, की टायर २५ऐवजी २८ मिलिमीटरचे घ्यायला हवे होते? आणि जो अमेरिकेत राहिला त्याच्या सायकलीचं काय झालं? ती तिथं कुणी सेकंडहँड घेतली असेल तर काय नशीब त्या माणसाचं! इराणचे, अरबस्तानचे, युरोपचे ओरखडे, सगळे अस्सल, एकरकमी. बायको म्हणते, झोपा आता.

शेवटी दादरच्या हिंदू कॉलनीत एक सोरा निघाली. मुलगा पंचविशीचा, नोकरीसाठी बंगळुरूला चाललेला. “या काका,” म्हणाला, आणि माझा निम्मा उत्साह तिथंच ओसरला. ओरखडे मात्र भरघोस होते. “कुठल्या घाटातले?” मी आशेनं विचारलं.

“घाट कुठला काका, लिफ्टचं दार.”

पण अभ्यास वाया कसा जाऊ द्यायचा? चेन मोजायची पट्टी खिशातून काढली. ती कड्यांत सहज गेली, म्हणजे चेन ताणलेली, आणि ताणलेली चेन मागचे दाते खाते. मागचं चाक गरकन फिरवलं, त्याला आऊट होता. सीटची दांडी खालीवर होईना. खाऱ्या हवेत ती आतल्या आत धरून बसते. प्रत्येक दोषावर मी नुसतं “हं” म्हणत होतो आणि माझ्या हिशेबानं प्रत्येक “हं” पाचशे रुपयांचा होता. मुलगा हँडलवरून फडकं फिरवत उभा होता. फिरवण्यासारखं तिथं काही नव्हतं.

हे “हं” माझ्या ओळखीचं होतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि त्याच पावसाळ्यात आमच्याकडे एक माणूस सायकल बघायला आला. अण्णांची काळी २२ इंची. गिरणी चालत दहा मिनिटांवर, तरी अण्णा सायकलनंच जायचे. तोरा आमच्या घराण्यातच आहे. त्या माणसानं पायडल फिरवलं. हं. चेन बोटानं उचलली. हं. चिमटा वाकलाय म्हणाला. वाकला नव्हता. खात्यात जॉबरशी तावातावानं भांडणारे अण्णा कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत राहिले. घासाघीस मला मंजूर आहे, मंडईत मीही करतो. पण समोरच्याला विकल्याशिवाय गत्यंतर नाही हे ओळखून त्याच्या वस्तूची हेटाळणी करणारा माणूस मला आजही सहन होत नाही.

या मुलाला तसली निकड काही नव्हती, पगार माझ्यापेक्षा जास्तच असणार. तरी पट्टी खिशात टाकली आणि म्हटलं, “सांगितलेस तेवढे देतो.” तो दचकला. आपण किंमत कमी सांगितली की काय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

घरी आईनं सायकलीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. स्टँड नाही हे तिच्याही लक्षात आलं.

“केवढ्याला?”

सांगितलं.

“भाव नाही केलास?”

“नाही.”

“बरं, पंप तरी दिला का त्यानं?”

नव्हता दिला.

“आपण दिला होता,” आई म्हणाली. “पितळेचा.”