कंबर अठ्ठावीस

बोहारीण ही जुन्या कपड्यांची सर्वोच्च न्यायसंस्था. ती साडी उजेडात धरते, काठ ओढून बघते, पँटच्या बैठकीवर अंगठा दाबते आणि "ताई, विरलंय हो हे" असा निकाल देते. त्यावर अपील नाही. तिनं पास केलेल्या कपड्यांचं पातेलं होतं. तिनं नापास केलेले कपडे आमच्याकडे येतात आणि त्यांना दान म्हणतात.

आमच्याकडे म्हणजे कोथरूडला, एका सोसायटीच्या पार्किंगलगतच्या खोलीत. मुलाखतीला जायचंय पण अंगावर घालायला धड काही नाही, अशा मुलामुलींसाठी आम्ही काही निवृत्त मंडळी इथं कपडे जमवतो. ही कल्पना आमच्यातल्या एका मॅडमची. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या बायका येताना चॉकलेटं आणतात, मॅडम ही कल्पना घेऊन आल्या. न्यूयॉर्कमध्ये नॅन्सी लुब्लिन नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीनं पणजोबांकडून वारशात आलेल्या पाच हजार डॉलरांवर १९९७ साली 'ड्रेस फॉर सक्सेस' सुरू केलं. गरजू बाईला मुलाखतीपुरता एक नेटका सूट द्यायचा आणि नोकरी लागली की कामावर घालायला आणखी कपडे. ऐकून आम्ही सगळे भारावलो. भारावायला आम्हाला वेळही भरपूर असतो.

मग गाठोडी यायला लागली. पहिल्यांदा आले सफारी. बदामी, राखी, शेवाळी, आणि एक तर थेट पिस्त्याच्या बर्फीच्या रंगाचा. सोबत डांबरगोळ्यांचा असा दर्प, की मुलाखत घेणाऱ्यानं उमेदवाराला खिडकीपाशीच बसवावं. ऐंशीच्या दशकात सफारी घालून साहेब झालेल्या प्रत्येक माणसाची पक्की समजूत असते, की साहेबपण त्या सफारीतच होतं. आज मोठ्या मनानं ते पुढच्या पिढीला द्यायला तो निघालेला असतो. त्याला नाही म्हणणं फार अवघड. एका गृहस्थांनी तर मला बजावलं, "होतकरू मुलालाच द्या हं." होतकरू मुलगा तो सफारी बघून गावी परत गेला असता.

पण खरी अडचण रंगाची नाही, मापाची. देणाऱ्यांच्या पँटी चाळीस-बेचाळीस कमरेच्या. घेणारा पोरगा बीडहून आलेला, कॉटबेसिसवर राहणारा, रात्री वडापाववर भागवणारा, कंबर अठ्ठावीस. त्या पँटमध्ये तो आणि त्याचा रूम पार्टनर एकाच वेळी मुलाखत देऊ शकतील. आमचे शिंपीकाका म्हणतात, कपडा मोठ्याचा लहान करता येतो, पण चाळिसाची अठ्ठावीस करायला गेलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात.

अठ्ठावीस कमरेच्या पँटी समाजात नाहीत असं मात्र नाही. त्या प्रत्येकाच्या कपाटात आहेत, लग्नातल्या सूटच्या पिशवीत. उत्तम कापड, एकदाच घातलेला, जुन्या शिंप्यानं आत भरपूर दाब सोडलेला. आमच्या पोरांना हवा असतो तो हाच. आणि नेमका हाच कोणी देत नाही. मागितला की चेहरा पडतो. "असू द्या, परत बसेल," असं लोक म्हणतात. कोथरूडच्या कपाटांत असे कितीतरी सूट मालक बारीक होण्याची वाट बघत लटकलेत.

मुलींचं निराळं. साडी कोणालाही होते, पण ब्लाऊज जिचा तिलाच. शिवाय लोक मुलाखतीसाठी म्हणून पैठणी देतात. कॉल सेंटरच्या मुलाखतीला पैठणी! समोरचा घाबरून थेट मॅनेजर करायचा.

मॅडमचा एक नियम मला पटतो. अंशू गुप्तांची 'गूंज' ही संस्था गावाकडच्या लोकांना कपडे फुकट वाटत नाही. गावानं विहीर, रस्ता असं काही काम केलं की त्याचा मोबदला म्हणून देते. त्यांना २०१५ साली मॅगसेसे मिळालं. ते वाचून मॅडमनी ठरवलं, की शर्ट घेतला की पोरानं तासभर बसून गाठोडी निवडायची. मान राहतो हे खरंच, पण आमची करमणूकही होते. खिशांतून निघालेली विम्याची पावती, सुपारीचं खांड, १९९२ची बसची तिकिटं ही पोरं मोठ्यानं वाचून दाखवतात. एकानं कोपरावर रफू केलेला कोट हातात धरून मला गंभीरपणे विचारलं, "काका, हे लोक हे घालून नोकरीला लागले होते?" मी हो म्हणालो. "मग तेव्हा जागा लई असतील," तो म्हणाला.

ह्याच पोरासाठी शेवटी आम्ही निळा ब्लेझर जमवला. पँट शिंपीकाकांनी दोनदा उसवून शिवली. टायची गाठ आमच्यातले एक माजी एनसीसीवाले मारतात. ती नंतर कोणी सोडायची नाही असा दंडक आहे, कारण पुन्हा मारायला तेच लागतात आणि ते दुपारी झोपतात. टाय गळ्यातून तशीच काढायची, तशीच पुढच्याच्या गळ्यात घालायची. बूट अर्धा नंबर मोठे होते, पुढं कापूस कोंबला. मॅडमनी हातावर दही ठेवलं. पोरगा बाणेरला निघाला तेव्हा कुलगुरूच निघालेत असं वाटत होतं.

संध्याकाळी टाय परत करायला आला.

"काय झालं रे?"

"समोरचे साहेब हाफ चड्डीत होते, काका."

"मग?"

"मला बघून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, बँकेतून कोणी आलंय."

"बरं, पण नोकरीचं काय?"

"लागली की. सोमवारपासून. कंपनीचा टी-शर्ट घालायचा म्हणाले. त्याचे साडेतीनशे पहिल्या पगारातून कापणारेत."

शिंपीकाकांनी ब्लेझर हातात घेतला, उलटा करून शिवण बघितली आणि विचारलं, "पुढचा कोण आहे? कंबर किती त्याची?"