एक ओहमच्या आत, हमखास

छतावर सोलर बसला, तीन खड्डे झाले (एक डीसीचा, एक एसीचा, एक वीजरोधकाचा), आणि फॉर्मवर आता एकच रकाना रिकामा राहिलाय: अर्थ रेझिस्टन्स. नवशिके या रकान्याला उगाच घाबरतात. कामाच्या कागदात सहसा ५ ओहमची मर्यादा असते. आपण एकच्या आत आणून देऊ.

मुहूर्त ऑगस्टचा धरा. चार दिवस झड लागून गेल्यावर पालघरात कुठलाही खड्डा शहाण्यासारखं वागतो. मे महिन्यात मोजायला सांगणारा साहेब भेटला, तर त्याला आधी चहा पाजा.

जागा निवडता येत असेल तर खाजण निवडा. मुरबे-सातपाटीच्या खाडीकाठी खारट चिखलाची रोधकता ५ ओहम-मीटर धरली, तर १७ मिलिमीटर जाडीची ३ मीटर सळई हिशेबाने पावणेदोन ओहमच्या आत येते. तीच सळई मनोरच्या पुढे कोरड्या कातळात, १००० ओहम-मीटर धरून, ३३० च्या वर जाते. खाजणातला वायरमन कसबी आणि कातळातला चोर, असा निकाल लगेच देऊन टाका. तेच मीठ जीआय पाइपही खातं, पण ते काही वर्षांनी कळतं. तोवर बिल निघालेलं असतं.

जागा हातात नसेल तर साहेब यायच्या आधी खड्ड्यात दोन बादल्या मीठपाणी ओता. बोईसरच्या एमआयडीसीत बादली मिळाली नाही असं अजून ऐकलेलं नाही.

तरीही आकडा हट्टाला पेटला, तर सळया हलवा. रोध मोजणाऱ्या मेगरच्या तीन वायरी असतात: एक खड्ड्याला, दुसरी मधल्या पी सळईला, तिसरी लांबच्या सी सळईला. पी खड्ड्याकडे सरकवत आणली की रीडिंग आज्ञाधारकपणे उतरतं. अगदी खेटून ठोकलीत तर कातळही खाजण होतो.

सगळ्यांत कमी कष्टाची युक्ती शेवटी: खड्ड्याला बाकीच्या अर्थिंगशी जोडणारी लिंक सोडूच नका. खड्डा २० ओहमचा असला आणि बाकीचं अर्थिंग मिळून १ ओहमचं असलं, तरी मेगर ०.९५ दाखवेल. शेजारच्या खड्ड्यांच्या पुण्याईवर पास होण्याची ही पद्धत फार लोकप्रिय आहे, आणि तिला खोटं बोलावंही लागत नाही.

काही जण ऐकतच नाहीत. त्यांना खरंच मोजायचं असतं. त्यांनी आधी इन्व्हर्टर बंद करावा, एसी आणि डीसी दोन्ही आयसोलेटर पाडावेत. ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरीत डीसी जिवंतच असते, हे पाडल्यावरही विसरू नये. आभाळात गडगडत असेल तर वीजरोधकाच्या खड्ड्याला हात लावू नये. मग झाकण उचलावं. आत बहुधा एक बेडूक असतो, पट्टीच्या बोल्टवर जस्ताची पांढरी भुकटी असते, आणि झाकणावर गेल्या वर्षीच्या पिवळ्या ऑइलपेंटमध्ये ०.८ लिहिलेलं असतं. बोल्टला पाना लावावा. तो बोटानेच फिरला, तर ०.८ चा अर्थ तिथेच लागतो.

लिंक सोडून सी सळई निदान ३० मीटरवर ठोकावी, पी त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. पी दीड-दोन मीटर मागेपुढे करून पुन्हा दोनदा मोजावं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर रीडिंग खरं. चढतच गेले तर सी आणखी लांब न्यावी. तारापूरच्या प्लॉटांत ३० मीटर मोकळी माती मिळत नाही आणि खाली पाइपांचं जाळं असतं. मग पाइपांना आडवी रेषा धरावी. काँक्रीट असेल तर ओलं गोणपाट अंथरून त्यावर लोखंडी पत्रा ठेवला तरी चालतो. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या मानकाची प्रत बरोबर ठेवा, सुरक्षारक्षक अडवतो तेव्हा दाखवायला.

आकड्याशेजारी तारीख, पाऊस की कोरडं, आणि सळयांची अंतरं लिहा. मग लिंक परत जोडून बोल्ट आवळा. या कामाला फॉर्मवर रकाना नाही, म्हणून ते राहून जातं, आणि खड्ड्याला न जोडलेला प्लँट पुढच्या तपासणीपर्यंत ०.८ ओहमच्या नावाने चालत राहतो.