बिशप, मी आणि माझा गाल

लग्न ठरलं की लोक हॉल बघतात, केटरर बघतात. आम्हा कॅथलिकांना आधी बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नवी प्रत आणावी लागते. माझी प्रत वसईहून बडोद्याला आली आणि इथल्या फादरनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. दृढीकरण या संस्काराची नोंदच नव्हती. गावातली माझ्या वयाची मुलं बिशपांसमोर उभी होती, तेव्हा मी कांजिण्या घेऊन घरी पडलो होतो. पुढच्या खेपेला बारावी आडवी आली, मग नोकरी. “फार अडचण नसेल, तर लग्नाआधी दृढीकरण घ्यायचं, असा चर्चचा नियम आहे,” फादर म्हणाले. अडचण होती, पण ‘लाज वाटते’ ही सबब त्या नियमात बसेना.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शतक उलटल्यावर त्यांच्याच शहरात माझं ते दुसऱ्यांदा सुरू झालं. रविवारच्या मिस्सेनंतर दृढीकरणाच्या तयारीचा वर्ग भरायचा. सगळी आठवी-नववीची मुलं. पहिल्या दिवशी मी आत शिरताच वर्ग उभा राहिला आणि एका सुरात ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला. नवे सर आले असं त्यांना वाटलं. मीही ऐटीत बसायची खूण केली. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी मला बसायला सांगितलं.

पवित्र आत्म्याच्या देणग्या सात: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचं भय. कारखान्यातले व्हॉल्व्ह मला नंबरासकट पाठ आहेत, पण इथे पाचाच्या पुढे गाडी सरकेना. सिस्टरनी मला वर्गातल्या एका हुशार मुलीच्या ताब्यात दिलं. ती सेवउसळीच्या गाडीवर माझी उजळणी घ्यायची आणि पैसे मी द्यायचो. “अंकल, ज्ञान परत राहिलं,” ती सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. सातांपैकी भय तेवढं माझ्याकडे आधीपासून होतं, पण देवाचं नव्हे, तिचं.

मग प्रश्न आला साक्षीदाराचा. तो दृढीकरण झालेला कॅथलिक हवा, सोळा वर्षं पूर्ण केलेला हवा आणि उमेदवाराचा आईबाप नको. माझे गॉडफादर वसईत गुडघे धरून बसलेले. ऑफिसातले मित्र सगळे पटेल आणि शहा. शेवटी याच मास्तरीणबाईंचा सतरा वर्षांचा दादा तयार झाला. विधीत साक्षीदाराने उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवायचा असतो. त्याचा हात पोहोचावा म्हणून सरावात मला गुडघे वाकवावे लागले. मागून कुणीतरी विचारलं, “अंकलना चक्कर येतेय का?”

आदल्या रात्री आजीचा वसईहून फोन आला. “बिशप थोबाडीत देतात हो, तयारीत राहा. आमच्या वेळी दिली होती.” ख्रिस्ताच्या शिपायाला मार सोसता आला पाहिजे, असा त्यामागचा अर्थही तिने सांगितला. मी रात्रभर दात आवळण्याचा सराव केला.

दुसऱ्या दिवशी बिशपांनी ऑलिव्ह तेल आणि बाल्समचं ते सुगंधी तेल माझ्या कपाळावर क्रुसाच्या आकारात लावलं. ‘आमेन’पर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी मला शांती देऊ केली. मी डोळे मिटून गाल पुढे केला. काहीच झालं नाही. कदाचित बाजू चुकली असेल, म्हणून शुभवर्तमानाला स्मरून दुसराही पुढे केला. खांद्यावरचा हात हसण्याने गदगदा हलू लागला. डोळे उघडले, तर बिशप माझ्या उत्तराची वाट बघत शांत उभे होते.

ती चापट, आणि तीही हलकीच, १९७१ च्या सुधारित विधीत काढून टाकली गेली, हे सिस्टरनी मला नंतर सांगितलं. आजीचं दृढीकरण त्याच्या कितीतरी आधीचं.

दृढीकरणाने माणूस श्रद्धेत प्रौढ होतो, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. ते बहुधा खरं असावं, कारण आता मास्तरीणबाईंच्या धाकट्या भावाला साक्षीदार हवा आहे. ताई अजून सोळाची नाही. दादाला कॉलेजसाठी बाहेरगावी जायचंय. म्हणून मान माझ्याकडे आला. प्रौढ माणसाची जबाबदारी ओळखून मी त्या पोराला बाजूला घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “दात घट्ट आवळून ठेव. बिशपांचा हात फार जड आहे.”