अमूल्य एकाकीपण

जगाचे नियम ठरवण्याइतके बळ नाही, परंतु ते ठरवणाऱ्यांच्या पंगतीला पान मांडलेच पाहिजे असा आग्रह आहे, अशा राष्ट्राला राज्यशास्त्रात ‘मध्यम सत्ता’ म्हणतात, आणि तुर्कस्तान हे या वर्गातील बहुधा सर्वांत हुशार, म्हणूनच अधिक उद्बोधक उदाहरण होय. 2009 मध्ये परराष्ट्रमंत्री झालेले अहमेत दावुतोग्लू मूळचे प्राध्यापक. ‘शेजाऱ्यांशी शून्य समस्या’ हे त्यांचे सूत्र अशा रीतीने फळाला आले की 2013 अखेरीस दमास्कस, कैरो आणि तेल अवीव या तिन्ही ठिकाणी तुर्कस्तानचा राजदूतच उरला नव्हता, आणि जेथे राजदूत नाही तेथून समस्या कळवणार तरी कोण? पंतप्रधानांच्या एका सल्लागाराने या अवस्थेचे ‘अमूल्य एकाकीपण’ असे बारसेही केले. 1952 पासून नाटो या अमेरिकाप्रणीत लष्करी आघाडीत असलेल्या या देशाने 2019 मध्ये रशियाची एस-400 ही विमानवेधी क्षेपणास्त्र प्रणाली, जी याच आघाडीची विमाने पाडण्यासाठी बनवली गेली, ती आघाडीच्याच अंगणात आणून ठेवली आणि त्यापायी अमेरिकेच्या एफ-35 विमानांवर पाणी सोडले. पुढे स्वीडनचा नाटोप्रवेश सुमारे वीस महिने अडवून धरला गेला. तुर्की संसदेने तो मंजूर केल्यावर आठवड्याच्या आतच अमेरिकेने एफ-16 विमानांच्या विक्रीस संमती दिली, हा अर्थातच योगायोग. युरोपीय संघाच्या दाराशी 1999 पासून अधिकृत उमेदवार म्हणून तिष्ठत असलेल्या तुर्कस्तानने 2024 मध्ये उदयोन्मुख अर्थव्यवस्थांच्या ब्रिक्स गटाचेही दार ठोठावले, तेव्हा तेथूनही सदस्यत्वाऐवजी ‘भागीदार देश’ हा दर्जा देऊ करण्यात आला.