पी.पी. काकू आणि हिरवा ठिपका

आयफोन सुरक्षित की अँड्रॉइड, यावर मी लोकलमध्ये कुठूनही कुठपर्यंतही व्याख्यान देऊ शकतो. अँड्रॉइडनं २०१५ साली मार्शमेलो आवृत्तीत कॅमेरा-माईकची परवानगी ऐनवेळी विचारायला सुरुवात केली. २०२१च्या एप्रिलपासून आयफोनवरच्या अ‍ॅपला इतर ठिकाणी तुमचा माग काढायचा तर आधी विचारावं लागतं. अँड्रॉइडचा मूळ कोड कुणीही तपासावा. पण अपडेट येणार ते फोन बनवणाऱ्याच्या मर्जीनं. हे मी जरा आवाज चढवूनच सांगतो, चौथ्या सीटलाही कळावं म्हणून.

दुःख वेगळंच आहे. माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखं काही नाही. अर्धे फोटो गुड मॉर्निंगचे, उरलेले लाइट बिलाचे. माईक चालू असल्याचा ठिपका दिसला (आयफोनवर नारिंगी, अँड्रॉइडवर हिरवा) की मला भीती वाटत नाही, बरं वाटतं. कुणीतरी ऐकतंय! घरात ती सोय नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीत होती. तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे एकुलता एक काळा फोन, डायलला कुलूप, शेजारी पैसे टाकायला डबा. अख्ख्या चाळीच्या अर्जांवर आणि लग्नपत्रिकांवर तोच नंबर, पुढे ‘पी.पी.’, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. आपण बोलायचं आणि काकूंनी दोन हातांवर मटार सोलत बसायचं. सांकेतिक भाषेत बोलावं, तर रिसीव्हर ठेवल्यावर काकू अर्थ विचारत. पासवर्ड नव्हता, हाक होती: “अगं, तुझ्या ऑफिसातला तो परत!” त्या ‘परत’वरच्या जोरानं चाळीत दोन लग्नं जमली आणि एक मोडलं. मुलाकडच्यांचा नकार मुलीला कळायच्या आधी नळावर पोचे.

आजोबा गेल्याचा ट्रंककॉलही काकूंनीच घेतला. आईला त्या एवढंच म्हणाल्या, “तब्येत जरा नरम आहे, लगेच निघा.” पोळ्या बांधून दिल्या, परळच्या एसटी डेपोपर्यंत सोबत आल्या. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. जिना उतरताना एकानंही तोंड उघडलं नाही. रात्रभर गाडीत आईला आशा होती. असं कलम मला कुठल्या कंपनीच्या प्रायव्हसी पॉलिसीत दिसलेलं नाही. (मी ती वाचत नाही, हा भाग निराळा.)

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. गेटवरचा वॉचमन माझा फोटो काढतो, कुणाकडे, कशाला, विचारतो आणि म्हणतो, “साहेब, नंबर बोला.” २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मी नंबर बोलतो. औषधाच्या दुकानात बोलतो, चपला घेताना बोलतो, मागची रांग ऐकेल असा. खिशातला फोन कुठल्या जातीचा, याला तिथे कुत्रं विचारत नाही. संताप होतो.

परवा दादरला साडीच्या दुकानात ठरवूनच गेलो. बिलाच्या वेळी बाणेदारपणे म्हणालो, “नंबर देणार नाही. हक्क आहे माझा.” काउंटरवरची मुलगी चपापली. मागून आमच्या सौ.नी दहाच्या दहा आकडे तोंडपाठ सांगितले आणि वर विचारलं, “ह्यांचे पॉइंट किती झालेत गं?”